माईक बदलला, वॅट बदलले

आमच्या बीड जिल्ह्यात माईक नाही असं गाव सापडायचं नाही. हरिनाम सप्ताह आला की मंडपवाल्याच्या पेटीतून जाळीच्या गोल डोक्याचे जड माईक बाहेर निघतात. वर्षानुवर्षं कीर्तनकारांच्या श्वासाची वाफ आणि बुक्क्याची धूळ खाऊनही ते बिनतक्रार चालतात. असाच एक माईक मी घरी बनवलेल्या रेडिओला जोडला आणि हैदराबादच्या एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्राला हाक मारली. आदल्या दिवशी माझा आवाज त्याला खणखणीत ऐकू आला होता. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, ‘कुणीतरी आहे, पण शब्द लागत नाहीत.’ तारा त्याच होत्या, बॅटरी तीच होती, वेळही तीच होती. बदलला होता तो फक्त माईक.

हा रेडिओ म्हणजे ‘बिटेक्स’. हैदराबादचे हॅम अशहर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला त्याची रचना केली आणि ती जगभरच्या हौशी मंडळींना खुली करून दिली. साध्या बाजारात मिळणारे ट्रान्झिस्टर आणि कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर, असा तो मूळ आराखडा होता. पुढे ४० मीटर पट्ट्यासाठी तयार बोर्डही निघाला. त्यावरच्या कॉइल हैदराबादेत बायांनी हातानं गुंडाळलेल्या असत. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानातच होतं. माझ्या आजोबांच्या पिढीला मोठ्या कामासाठी हैदराबादच गाठावं लागे. मलाही रेडिओसाठी तिकडेच बघावं लागलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या सेटची ताकद आहे सुमारे ७ वॅट, म्हणजे घरातल्या लहान एलईडी बल्बाएवढी. कडुनिंबापासून गच्चीच्या खांबापर्यंत ताणलेली वीसेक मीटरची तार हा त्याचा अँटेना. ४० मीटर पट्ट्याच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरातून परावर्तित होतात आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात उतरतात. बीडहून हैदराबाद गाठायला हे पुरतं. पण ते सातही वॅट हवेत गेले तरच, आणि किती वॅट जाणार हे ठरवतो माईक.

हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून थोडं उलगडून सांगतो. आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या केंद्रावर निवेदक गप्प बसला तरी वाहक लहर पूर्ण जोरात चालू असते. हॅम मंडळी वापरतात त्या सिंगल साइडबँड पद्धतीत ती वाहक लहर काढून टाकलेली असते. आवाजाच्या दोन सावल्यांपैकी एक क्रिस्टल फिल्टर कापून टाकतो आणि उरलेली एकच हवेत जाते. त्यामुळे तुम्ही गप्प बसलात तर अँटेनातून काहीच निघत नाही. हळू बोललात तर थोडं निघतं, मोठ्यानं बोललात तर पूर्ण. बॅटरीतली वीज कशी खर्च व्हायची हे तुमच्या घशातून येणारी हवा सांगते आणि तिचा निरोप माईक आत पोचवतो.

आता आकडे पाहू. बिटेक्सची योजना इलेक्ट्रेट माईक धरून केलेली आहे. मोबाइलच्या इअरफोनमध्ये असते ती दाण्याएवढी डबी म्हणजे इलेक्ट्रेट. तोंडाजवळ धरून नेहमीच्या आवाजात बोललं की ती साधारण ६ मिलिव्होल्ट देते. मंडपवाल्याचा डायनॅमिक माईक तेवढ्याच आवाजाला दोन मिलिव्होल्टही देत नाही. म्हणजे व्होल्टेज साडेतीन पटींनी घटलं. पण वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालतात, म्हणून ताकद बारा पटींनी घसरली. माझा ७ वॅटचा सेट अर्ध्या-पाऊण वॅटवर आला होता. हैदराबादला शब्द लागले नाहीत ते याचमुळे.

मला एक चूक अजून सलते. इलेक्ट्रेटला चालायला वीज लागते. ती बोर्डावरच्या एका रोधातून माईकच्याच तारेनं दिलेली असते. मी तो रोध तसाच ठेवून डायनॅमिक माईक लावला होता. १२ व्होल्ट, ४.७ किलोओहमचा रोध आणि माईकची ६०० ओहमची कॉइल, म्हणजे त्या केसासारख्या बारीक कॉइलमधून सव्वादोन मिलिअँपिअरचा प्रवाह सतत वाहत होता. एवढ्यानं कॉइल जळत नाही, पण चुंबकाच्या फटीत ती एका बाजूला ओढलेली राहते. बोलणाऱ्याचा हात कुणी धरून ठेवावा तसं तिचं होतं. उपाय अगदी स्वस्त आहे. माईकच्या तारेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालायचा, धन टोक बोर्डाकडे. स्थिर प्रवाह अडतो, आवाज पलीकडे जातो. पुढे बीसी५४९ ट्रान्झिस्टरचा चार-पाच पट वाढवणारा एकच टप्पा लावला की सात वॅट परत मिळतात.

इलेक्ट्रेटला वीज का लागते, हा प्रश्न मला एका दहावीच्या मुलानं विचारला होता आणि उत्तर देताना मलाच ते नव्यानं उमगलं. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी आजच्या धाटणीचा इलेक्ट्रेट माईक तयार केला. त्यात एका पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर विद्युतभार कायमचा कोंडून ठेवलेला असतो. पडदा हलला की मागच्या पट्टीपासूनचं अंतर बदलतं आणि व्होल्टेज बदलतं. म्हणजे मूळ माईक स्वतःची पुंजी घेऊनच जन्माला येतो. पण ती पुंजी इतकी लहान, की नुसती तार जोडली तरी सगळा सिग्नल तारेतच जिरून जाईल. म्हणून डबीच्या आतच एक फेट ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. तो पडद्याकडून जवळजवळ काहीच न घेता पुढे दणकट सिग्नल देतो. वीज लागते ती या मदतनीसाला, अर्धा मिलिअँपिअरच्या आसपास.

हे समजलं की जुन्या टेपरेकॉर्डरबरोबर यायच्या त्या क्रिस्टल माईकचं कोडंही सुटतं. त्यात रोशेल मिठाचा स्फटिक असतो. तो दाबला की वीज देतो, आणि बरीच देतो, पण त्याच्या आत मदतनीस नाही. बोर्डाच्या पाच किलोओहमच्या तोंडाशी तो थेट जोडला तर आवाजातला गाभाच नाहीसा होतो आणि उरतो पत्र्यावर नख ओढल्यासारखा किरटा सूर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो बीएफडब्ल्यू१० हा फेट त्याच्यापुढे एक मेगाओहमच्या रोधासह बसवला की तोच माईक माणसासारखा बोलू लागतो. मात्र हा स्फटिक दमट हवेत आणि उन्हात टिकत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला क्रिस्टल माईक जगण्याची आशा मी धरत नाही.

काळ्या डायलच्या टेलिफोनमधला कार्बन माईक जुन्या बाजारात अजून मिळतो. त्यात कोळशाचे कण असतात. त्याला वीसेक मिलिअँपिअर लागतात आणि तो इतका मोठा सिग्नल देतो की तो कमी करावा लागतो. खरखर फार. हौसेखातर एकदा लावून पाहावा.

सर्वांत सोपा मार्ग मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात आहे. एका कानानं बंद पडलेले इअरफोन तिथं ढिगानं पडलेले असतात आणि त्यांचा माईक बहुतेक वेळा शाबूत असतो. पिनेवर चार कडी दिसतात. आजच्या बहुतेक फोनांत सर्वांत आतलं कडं माईकचं आणि त्याच्या अलीकडचं जमिनीचं असतं. काही जुन्या फोनांत ही दोन उलट असतात, म्हणून मल्टिमीटर लावल्याशिवाय डाग देऊ नये. फोन उचलायचं बटण माईकच शॉर्ट करतं, त्यामुळे बोलण्यासाठी दाबायचं बटण वेगळं हवं. मी दाराच्या बेलचं बटण एका लाकडी तुकड्यावर ठोकून घेतलं आहे.

एकदा मात्र सगळं बरोबर जोडूनही माझा आवाज घोट गिळत बोलल्यासारखा जात होता. कारण माईकमध्ये नव्हतंच. दीड मीटरची माईकची तार स्वतःच अँटेना बनून सेटमधून निघालेली लहर परत आत आणत होती. जाळीदार आवरणाची तार घेतली, तिचं आवरण पेटीच्या पत्र्याला शिरतानाच जोडलं, सॉकेटवर एक नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवला, तारेत फेराइटचा मणी ओवला. गुरगुर थांबली.

कुठला माईक किती वॅट काढतो हे कानावर सोडू नये. २२० ओहमचे, दोन-दोन वॅटचे चार कार्बन रोध समांतर जोडले की ५५ ओहमचा खोटा अँटेना तयार होतो. त्यातून लहर बाहेर जात नाही. डायोड आणि मल्टिमीटरनं त्यावरचं शिखर मोजायचं आणि माईकसमोर एकसारखी शिट्टी वाजवायची. पूर्ण ताकदीला मीटर सव्वीस-सत्तावीस व्होल्ट दाखवतो. कीर्तनाच्या माईकवर तो सात-आठवर अडकला होता. पुढची पायरी, म्हणजे खरा अँटेना, केंद्र सरकारचा हौशी रेडिओचा परवाना हातात असेल तरच चढायची. त्या परवान्याच्या परीक्षेला बसावं असं मी प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगतो.

वॅट मिळाले म्हणजे शब्द मिळाले असं मात्र नाही. फिल्टरमधून साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचा आवाजच जातो. कीर्तनकार माईक ओठाला लावतो तेव्हा डायनॅमिक माईकमध्ये खर्ज फुगतो. मंडपात तो भरदार वाटतो, रेडिओवर तो फिल्टरनं कापायचाच असतो, पण तोवर अॅम्प्लिफायरला दमवून जातो. म्हणून मी पुढचा कपॅसिटर मुद्दाम लहान, ०.१ मायक्रोफॅरडचा ठेवला. पाच किलोओहमसमोर तो ३२० हर्ट्झच्या खालचं उतरवत नेतो.

वरच्या टोकाला ३००० हर्ट्झच्या पलीकडे जे कापलं जातं त्यात मराठीचं मोठं नुकसान आहे. स, श, फ यांना वेगळं करणारा फुत्कार बराचसा तिथं राहतो. सहा आणि दहा, सात आणि साठ हे त्यामुळे एकमेकांत मिसळतात. ही नुसती भाषेची गंमत नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी रेडिओ संच घेऊन निरोप पोचवायला धावली होती. अशा वेळी साठ घोंगड्या आणि सात घोंगड्या यांत किती घरांच्या थंडीचा फरक पडतो! म्हणून आकडा एकेक सुटा सांगायचा शिरस्ता आहे: सहा, शून्य.

कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर बसवल्यावर तोच सप्ताहाचा माईक घेऊन मी पुन्हा हैदराबादला हाक मारली. मित्राला सांगितलं, मी वीस आकडे म्हणतो, तू उतरवून घे आणि परत वाच. मुद्दाम जोडून म्हटले. त्यानं सतरा बरोबर वाचले. चुकलेल्या तिघांत एक साठ होता. मग तेच आकडे सुटे करून म्हटले, तेव्हा वीसच्या वीस जुळले. आता पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे. त्यावर चारही माईकच्या तारांचे रंग, प्रत्येकाला काय लागतं ते आणि शिट्टीला मीटर किती दाखवतो ते लिहिलं आहे. कार्बनच्या ओळीसमोरची जागा अजून रिकामी आहे.