दिसत नाही, तरी ‘दिसतं’!

गेल्या वर्षी बाबांना स्ट्रोक आला. डोळे ठणठणीत, पण डावीकडचं दिसणं गेलं. तेही दोन्ही डोळ्यांचं! कारण मार बसला होता डोक्याच्या पार मागच्या भागाला. डोळ्यांकडून येणारी बहुतेक माहिती मेंदूच्या सालीत पहिल्यांदा इथेच पोचते. शास्त्रज्ञ या भागाला व्ही-वन म्हणतात.

परवा भाच्यानं डावीकडून बॉल फेकला आणि बाबांनी पटकन मान मागे घेतली.

‘‘दिसला?’’

‘‘छे गं! काही नाही दिसलं.’’

मग मान का हलली? चाहूल लागली असेल, म्हणून मी सोडून दिलं. पण डोक्यातून जाईना. वाचायला बसले आणि थक्क झाले!

1973 मध्ये लंडनला एका पेशंटच्या ऑपरेशनमध्ये उजवीकडचा व्ही-वन काढावा लागला. डावीकडचं दिसेना. पण लॉरेन्स वाइसक्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘दिवा कुठे लागला, अंदाजानं बोट दाखव’ म्हटलं, तर बोट बऱ्यापैकी अचूक! पेशंट म्हणे, ‘मी नुसता अंदाज करतोय.’ 1974 मध्ये याला नाव मिळालं: ब्लाइंडसाइट.

हे होतं कसं? सिंहगड रोड जॅम झाला की आपण गल्लीबोळातून गाडी काढतो ना, तसंच. डोळ्यांपासून काही बारीक वाटा व्ही-वनला वळसा घालून पुढच्या केंद्रांपर्यंत जातात. 1993 मध्ये अशाच एका दुसऱ्या पेशंटचं स्कॅन झालं. न दिसणाऱ्या बाजूला वस्तू हलली, की हालचाल टिपणारं व्ही-फाइव्ह केंद्र जागं व्हायचं. 2008 मधला किस्सा तर भन्नाट! दोन्ही बाजूंचा व्ही-वन गेलेला, पूर्ण अंध माणूस खोकी-खुर्च्यांनी भरलेल्या कॉरिडॉरमधून काठीशिवाय चालत गेला. धडक एकही नाही!

हे सगळं बाबांना सांगितलं आणि तिथेच चुकले. ‘‘म्हणजे माझ्या मेंदूला दिसतंय! दे स्कूटरची किल्ली.’’

किल्ली मी दिली नाही. लॅबमध्ये एकच दिवा असतो आणि ‘आता सांग’ म्हणणारा माणूस समोर असतो. चौकात डावीकडून येणारी बस तसं विचारत नाही. शिवाय ब्लाइंडसाइट प्रत्येकाला असते असंही नाही. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

तरी आशा आहे. न दिसणाऱ्या भागात हलते ठिपके दाखवून रोज सराव करून घेतला, तर काहींना हालचाल पुन्हा ओळखता येते, असं अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधनात दिसलंय. तोवर बाबा मान डावीकडे वळवून बघायची सवय लावून घेतायत.

आणि तुमच्या घरी कुणी अचानक एकाच बाजूला धडकायला लागलं, तर ‘लक्ष कुठंय?’ म्हणून ओरडू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मी आधी ओरडले होते.