एक किल्ली, अनेक कुलपे

कवठे महांकाळच्या माळावर मेंढ्या राखणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. मेंढी साधारण दर १७ दिवसांनी माजावर येते. पण एकदा गाभण राहिली, की पुढचे पाच महिने ती सहसा नराकडे ढुंकूनही पाहत नाही. गर्भ असतो पोटात, वागणे ठरवतो मेंदू. मग पोटातली बातमी मेंदूला कोण देते?

हे काम प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे. ते अंडाशयातील पीतपिंडात व पुढे वारेत तयार होते आणि रक्तातून मेंदूत पोहोचते. संप्रेरक आणि ग्राही यांचे नाते शिकवताना आपण किल्ली-कुलपाचे उदाहरण देतो. येथे ते थोडे सुधारून घ्यायला हवे, कारण ही किल्ली मेंदूत एकाहून अधिक कुलपांना लागते.

पहिले कुलूप पेशीच्या आत असते. प्रोजेस्टेरॉन मेदात विरघळणारे असल्याने पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते आणि ग्राहीला चिकटते. ही जोडी केंद्रकातील डीएनएवर बसून काही जनुके चालू, तर काही बंद करते. नवी प्रथिने तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून हा परिणाम तासा-दिवसांत दिसतो. मेंढीचा माज थांबतो तो मुख्यतः या मार्गाने.

पण १९४१ मध्ये हान्स सेली यांना वेगळेच आढळले. प्रोजेस्टेरॉनचा मोठा डोस टोचताच उंदीर काही मिनिटांत गुंगीत गेले. जनुकांचे काम इतक्या झटपट होत नाही! उलगडा व्हायला १९८६ साल उजाडले. शरीरात प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर ॲलोप्रेग्नॅनोलोन या रेणूत होते. जणू किल्लीला कानस लावून नवे दाते पाडले जातात. ही नवी किल्ली चेतापेशीच्या आवरणावरील ‘गाबा’ ग्राहीला लागते. गाबाचा परिणाम वाढतो, क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी शांत होते. आवरणावर प्रोजेस्टेरॉनचे स्वतःचेही ग्राही असतात. ते २००३ मध्ये प्रथम माशांत सापडले.

हा फरक घरातही भेटतो. सणावारी पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतात त्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या पहिले कुलूप उघडतात, पण त्यांच्यापासून ॲलोप्रेग्नॅनोलोन बनत नाही. म्हणजे ‘एकाच जातीचे औषध’ मेंदूला एकसारखे नसते.

गरोदरपणी ॲलोप्रेग्नॅनोलोन भरपूर असते. वार पडल्यावर ते थोड्याच दिवसांत झपाट्याने उतरते. काही बाळंतिणींचा मेंदू हा बदल पेलू शकत नाही, असे दिसते. अमेरिकेत २०१९ मध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर हाच रेणू शिरेतून देण्यास मान्यता मिळाली. २०२३ मध्ये त्याच्यासारख्या रेणूची गोळीही मंजूर झाली. अर्थात नैराश्याचे हे एकच कारण नव्हे. आणि प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन हा त्यावरचा उपायही नव्हे.

तरीही माहेरी आलेली बाळंतीण सारखी रडते, बाळाला जवळ घेत नाही, तेव्हा ‘नाटके करते’ किंवा ‘बाहेरची बाधा झाली’ असे म्हणण्याआधी थांबावे. दोन आठवडे उलटूनही मन सावरले नाही, किंवा स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचे वाईट विचार येऊ लागले, तर तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. वर्गात संप्रेरकांचा धडा शिकवताना हे एवढे सांगितले, तरी ते कुणाच्या तरी घरी पोहोचेल.