पालखी वाटचालीतील सामूहिक कार्यक्रम

पालखी वाटचालीतील सामूहिक कार्यक्रम म्हणजे आषाढी वारीच्या पायी प्रवासात वारकऱ्यांना परस्परांशी जोडणारे विधी, खेळ, भजने, पंगती व सभा होत. वारीत चालणारे सहप्रवासी निरनिराळ्या गावांचे, व्यवसायांचे व जातींचे असतात आणि पुष्कळदा एकमेकांना अपरिचित असतात. दोन-तीन आठवडे एका वाटेने चालणाऱ्या या समुदायाला एकत्र बांधण्याचे काम हे कार्यक्रम करतात. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील पहिले उभे रिंगण सातारा जिल्ह्यात, चांदोबाचा लिंब या ठिकाणी होते. या रिंगणात धावणारे अश्व सांगली व सातारा या जिल्ह्यांतून पायी प्रवास करून आळंदीला पोहोचलेले असतात.

पार्श्वभूमी

आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूरला पायी जाण्याची प्रथा ज्ञानेश्वरांच्याही आधीची मानली जाते. संत तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून वारीला सोहळ्याचे रूप दिले. ज्ञानेश्वर महाराजांच्या स्वतंत्र पालखी सोहळ्याची सुरुवात हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास केली. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरदारांच्या पदरी त्यांनी चाकरी केली होती. गावी परतताना लुटारूंच्या तावडीतून सुटका झाल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य आळंदीत ज्ञानेश्वरांच्या सेवेत घालवले, अशी परंपरा सांगते.

लष्करी शिस्तीचा अनुभव असलेल्या हैबतबाबांनी वारीला तळ, कूच, रांग व इशारे यांची व्यवस्था दिली. वासकर, शेळके व खंडोजीबाबा यांच्या साहाय्याने दिंड्यांचा क्रम लावण्यात आला. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरदारांनी अश्व, तंबू व नैवेद्य यांची जबाबदारी घेतली. ही व्यवस्था आजही मूळ स्वरूपात पाळली जाते.

दिंडी : सहवासाचे मूळ एकक

वारीत कोणीही सुटा चालू शकतो. परंतु बहुसंख्य वारकरी एखाद्या दिंडीत असतात. दिंडीत वीणेकरी, पखवाजवादक, टाळकरी, पताकाधारी, तसेच डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया यांचा समावेश असतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात रथापुढे २७ मानाच्या दिंड्या चालतात, तर इतर दिंड्या रथामागे असतात. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला असून वाटेत तो ओलांडला जात नाही. जेवणखर्चासाठी दिंडीकडे ठराविक रक्कम भरावी लागते. तिला भिशी असे म्हणतात.

दिवसाचा क्रम कर्ण्याच्या इशाऱ्यांवर चालतो. पहिल्या कर्ण्याला सामान आवरायचे, दुसऱ्याला दिंडीत येऊन उभे राहायचे आणि तिसऱ्याला पालखी हलते. वाटेत म्हणायच्या अभंगांचा क्रमही प्रहरानुसार ठरलेला असतो. सकाळी काकडा व भूपाळ्या होतात; त्यानंतर वासुदेव, आंधळे, पांगळे, जोगी ही रूपकांची पदे, पुढे गौळणी आणि सायंकाळी हरिपाठ. हा क्रम सर्व दिंड्यांना समान असल्यामुळे दुसऱ्या गावाहून आलेला अनोळखी वारकरीही टाळ हाती घेऊन लगेच भजनात सामील होऊ शकतो.

वारकरी एकमेकांना ‘माउली’ असे संबोधतात आणि भेटताच परस्परांच्या पाया पडतात. पाया पडताना वय, शिक्षण किंवा प्रतिष्ठा यांचा विचार केला जात नाही. वृद्धही तरुणाच्या पाया पडतो. या एका रूढीमुळे परिचय होण्यापूर्वीच संवादाची वाट मोकळी होते.

अश्वांचा प्रवास

रिंगणासाठी अंकलीहून दोन अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा अश्व मोकळा असतो व त्यावर स्वतः माउली आरूढ असतात, अशी श्रद्धा आहे. हे अश्व वाहनाने न नेता चालवत नेण्याची परंपरा आहे. अंकलीहून निघाल्यावर मिरज, सांगली व सातारा या मार्गाने ते पुण्याकडे व तेथून आळंदीला जातात. वाटेतील गावांत त्यांचे पूजन होते. पालखीच्या मार्गावर नसलेल्या कृष्णाकाठच्या गावांनाही अशा प्रकारे सोहळ्यात वाटा मिळतो. सांगली, मिरज व जत या भागांतील अनेक दिंड्या आळंदीला न जाता थेट पंढरपूरची वाट धरतात.

नीरा स्नान व सातारा जिल्ह्यातील मुक्काम

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी व वाल्हे असे मुक्काम करून नीरा नदीवर येते. ही नदी पुणे व सातारा या जिल्ह्यांची सीमा आहे. नदी ओलांडताना माउलींच्या पादुकांना दत्त घाटावर स्नान घातले जाते आणि पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. वारकरीही नदीत स्नान करतात.

जिल्ह्यातील पहिला मुक्काम खंडाळा तालुक्यातील लोणंद येथे असतो. कांद्याची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गावी तिथीप्रमाणे मुक्काम लांबतो किंवा आखडतो. त्यानंतर तरडगाव, फलटण व बरड असे मुक्काम होतात आणि पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. मुक्कामाच्या गावांतील रहिवासी वारकऱ्यांना घरी उतरवून घेतात, जेवू घालतात व त्यांचे पाय चेपून देतात. वर्षानुवर्षे त्याच घरी उतरणाऱ्या वारकऱ्यांशी यजमान कुटुंबाचे नातेसंबंध जुळतात आणि पुढे लग्नकार्याची निमंत्रणेही जातात-येतात.

चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण

लोणंदहून दुपारी निघालेली पालखी तरडगावच्या अलीकडे, फलटण तालुक्यातील चांदोबाचा लिंब येथे थांबते. वाटचालीतील पहिले रिंगण येथे होते. रिंगणाचे दोन प्रकार आहेत. उभ्या रिंगणात वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर रांगा करून उभे राहतात व मधल्या मोकळ्या वाटेतून अश्व धावतात. गोल रिंगणासाठी मोठे मैदान लागते. तेथे पालखी मध्यभागी ठेवून तिच्याभोवती पताकाधारी, टाळकरी व तुळशीवाल्या स्त्रिया यांची कडी तयार होतात. गोल रिंगणे पुढे सोलापूर जिल्ह्यात होतात. पुरंदावडे, खुडूस व वाखरीजवळची बाजीरावाची विहीर ही त्यांतील प्रमुख ठिकाणे होत.

रांगा लावण्याचे काम चोपदार करतात. दिंड्या जागेवर येताच ते हातातील दंड उंचावून इशारा देतात. टाळ-मृदंगाचा गजर वाढत जातो आणि स्वाराच्या अश्वापाठोपाठ माउलींचा अश्व दौड घेतो. दौड संपताच अश्वांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकरी पुढे धावतात.

रिंगणानंतर काही काळ शिस्त सैल होते व खेळ सुरू होतात. स्त्रिया फुगड्या घालतात. पुरुष हुतूतू, हमामा व पावल्या खेळतात. टाळकरी व मृदंगी ‘उडी’चा खेळ करतात, त्यात ठेक्यावर उड्या घेत भजन केले जाते. फुगडीला जोडीदार लागतो आणि तो निवडताना ओळख विचारली जात नाही. दिंडीचा क्रम दिवसभर ज्यांना वेगळे ठेवतो, ते वारकरी या मोकळ्या वेळात एकमेकांत मिसळतात. त्यामुळे रिंगण हा धार्मिक विधी असण्याबरोबरच थकलेल्या प्रवाशांचा विसावा व मेळावाही ठरतो.

समाजआरती

सायंकाळी पालखी तळावर पोहोचल्यावर समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात व सर्वत्र टाळांचा गजर चालू असतो. चोपदाराने दंड उंचावून पुकारा करताच तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकून घेतात; ती तेथेच मिटवली जाते किंवा नंतरच्या बैठकीत सोडवली जाते. त्यानंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती दिली जाते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते आणि मग आरती होते.

या पद्धतीत गाऱ्हाणे सर्वांसमक्ष मांडले जाते व ते ऐकल्याशिवाय आरती होत नाही. समाजआरती हे त्यामुळे वारीचे दैनंदिन न्यायपीठ व सूचनाफलकही आहे.

समता व तिच्या मर्यादा

या कार्यक्रमांमुळे जातिभेद कितपत मावळतो, हा अभ्यासकांच्या चर्चेचा विषय राहिला आहे. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास एका दिंडीबरोबर प्रवास केला व ‘वाटचाल’ या लेखात आपले अनुभव मांडले. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर एकत्र अभंग गाणारे ब्राह्मण व मराठा वारकरी मुक्कामावर वेगवेगळे शिजवतात व जेवतात, हे त्यांना खटकले. मराठा स्त्रियांच्या पंगतीला बसल्यानंतर त्या स्त्रियांशी आपली जवळीक वाढल्याचेही त्यांनी नोंदवले आहे. भजन व रिंगण यांनी साधलेले ऐक्य पंगतीच्या उंबरठ्यावर अडते, हा या निरीक्षणाचा अर्थ होय.

वारीचे गंतव्यस्थानही दीर्घकाळ सर्वांना खुले नव्हते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे, यासाठी साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात उपोषण केले. त्यानंतर मंदिर सर्वांसाठी उघडण्यात आले. ज्या संप्रदायात चोखामेळ्याचे अभंग आदराने गायले जातात, त्याच संप्रदायाच्या दैवतासाठी असे उपोषण करावे लागले. पुढील काळात सामायिक स्वयंपाक व एकत्र पंगती अनेक दिंड्यांत रूढ झाल्या.

अभ्यास व तुलना

दि. बा. मोकाशी यांनी १९६१ च्या वारीत चालून लिहिलेले ‘पालखी’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वारकऱ्यांच्या रोजच्या सहजीवनाचे तपशील आढळतात. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रांचा अभ्यास करताना कर्वे यांच्या व ग. आ. दलरी यांच्या पंढरपूरविषयक लेखनाचा आधार घेतला. नेहमीची सामाजिक उतरंड प्रवासात तात्पुरती बाजूला पडते व समतेची भावना निर्माण होते, असे टर्नर यांचे प्रतिपादन होते.

दीर्घ प्रवासात सहप्रवाशांना एकत्र आणण्याची गरज इतरत्रही आढळते. पर्यटन जहाजांवर कप्तानाचा स्वागतसमारंभ, सामायिक मेजावरील भोजन, नृत्य व खेळ योजले जातात. विषुववृत्त ओलांडताना प्रथमच तेथून जाणाऱ्यांची थट्टामस्करी करण्याची दर्यावर्दी प्रथाही जुनी आहे. जहाजावर असे कार्यक्रम आयोजक आखतात व प्रवासी त्यांत सहभागी होतात. वारीतील कार्यक्रम मात्र वारकरी स्वतःच पार पाडतात आणि त्यांकडे करमणुकीऐवजी साधना म्हणून पाहिले जाते.

खंड व बदल

कोरोना साथीमुळे २०२० व २०२१ या वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. वाटेवरील रिंगणे, पंगती व मुक्काम या काळात बंद राहिले. २०२२ पासून सोहळा पूर्ववत सुरू झाला. आळंदी–पंढरपूर पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. अलीकडे केवळ एक-दोन दिवस चालणारे शहरी नोकरदार, विद्यार्थी व छायाचित्रकार यांचीही उपस्थिती वाढली असून रिंगणाच्या दिवशी ती विशेष जाणवते.

हे सुद्धा पहा

पंढरपूर वारी
वारकरी संप्रदाय
हैबतबाबा आरफळकर
रिंगण
लोणंद
फलटण