काचबिंदू आणि ताटातली भाजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

1955च्या भारत-सोव्हिएत करारानंतर आताच्या छत्तीसगडमधल्या भिलाईत पोलाद कारखाना उभा राहिला आणि मजुरांच्या वस्तीतून कॅम्प-1 हा भाग वाढला. तेव्हा आलेल्यांची मुले आता साठी-सत्तरीत आहेत. काचबिंदूचा धोका चाळिशीनंतर वाढत जातो, म्हणून इथल्या घरांत हे नीट कळायला हवे.

गाजर खाल्ले की नजर शाबूत, हा सर्वांत जुना गैरसमज. गाजरातून मिळणारे अ जीवनसत्त्व पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींना लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. काचबिंदूत मरतात त्या पेशी वेगळ्या. पडद्यावर टिपलेले मेंदूकडे पोचवणाऱ्या या चेतापेशी एका डोळ्यात दहा लाखांच्या आसपास असतात, आणि मेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही.

आहाराचा त्यांना काहीच उपयोग नाही, असे मात्र कुणी समजू नये. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांच्या दीर्घ पाहणीत (निष्कर्ष 2016चे) भरपूर पालेभाजी खाणाऱ्यांत काचबिंदूचा धोका 20 ते 30 टक्के कमी दिसला. पालेभाजीतल्या नायट्रेटपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि त्याने डोळ्याच्या नसेला रक्त चांगले मिळत असावे, असा अंदाज आहे. पाहणीवरून उपचार सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही छत्तीसगडच्या बाजारात लालभाजी, चेचभाजी, चौलाई, पालक मिळत असताना महागड्या गोळ्यांचे डबे आणायचे कारण मला दिसत नाही.

त्यातही ब-3 जीवनसत्त्वाची गोळी. 2017 साली उंदरांवरच्या प्रयोगात निकोटिनामाइडने, म्हणजे ब-3च्याच एका रूपाने, पडद्यातल्या या चेतापेशी वाचवल्या. माणसांवरच्या चाचण्यांत मात्रा दिवसाला 3 ग्रॅमपर्यंत नेली गेली. रोजची गरज आहे जेमतेम 15 मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते. ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पहाटे एका दमात लिटरभर पाणी पिणे अनेकजण डोळ्यांसाठी चांगले मानतात. काचबिंदू असलेल्याने ते टाळावे. असे पाणी प्यायल्यावर डोळ्यातला दाब काही काळ चढतो. पूर्वी डॉक्टर ही गोष्ट तपासणीसाठीच वापरत. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे.

डोळ्यातला दाब उतरवणे हाच आजवर सिद्ध झालेला उपाय. दुखत नाही म्हणून रोग नाही, असेही नसते: दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊ जणांना त्याचा पत्ताच नव्हता. चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, तर दाबासोबत नसही तपासून घ्या. आणि थेंब चालू असतील, तर भाजीच्या भरवशावर ते बंद करू नका.