स्तनार्बुदाचे पूर्ववृत्त : बाल्य आणि कौमार्यावस्थेचा विचार

स्तनार्बुदाची रुग्णा वैद्याकडे येते ती बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या वयात. इतिवृत्त घेताना आपण विवाह, प्रसूती, स्तन्यपान, रजोनिवृत्ती आणि कुलवृत्त यांची चौकशी करतो. ती आवश्यकच आहे. परंतु ही स्त्री गर्भात असताना तिच्या मातेला कोणते औषध दिले होते, बालपणी तिच्या छातीवर किरणोपचार झाले होते काय, रजोदर्शन कोणत्या वर्षी झाले, हे प्रश्न बहुधा राहून जातात. भारतीय स्त्रियांमध्ये आज स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. अशा वेळी या राहून गेलेल्या प्रश्नांकडे व्यवसायबंधूंचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात स्तनरोगांचे वर्णन करताना एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. कन्यांच्या स्तनाश्रित धमन्यांची द्वारे संवृत असतात, म्हणून त्यांना स्तनरोग होत नाहीत. गर्भिणी आणि प्रसूता स्त्रियांत ती स्वभावतःच उघडतात, म्हणून तेथे रोग संभवतात. हे विवेचन दोषजन्य स्तनरोगांचे आहे, अर्बुदाचे नव्हे. तसेच आधुनिक संशोधन आपल्या ग्रंथांत आधीच होते, असा दावा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु स्तन हा अवयव वयानुसार अवस्था पालटतो आणि त्याची रोगग्रहणक्षमताही त्याबरोबर पालटते, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. कन्यावस्थेत रोग व्यक्त होत नाही, हे खरे. पण त्याच्या हेतूंचा संचयही त्या काळात होत नाही काय?

शारीररचनेत याचे उत्तर सापडते. जन्मतः स्तनात मोजक्या नलिका असतात. यौवनारंभी बीजकोशांतील स्रावांच्या प्रेरणेने नलिकांची टोके वेगाने वाढतात, त्यांना शाखा फुटतात. या काळात पेशींचे विभाजन जलद असते आणि त्या पूर्ण परिपक्व झालेल्या नसतात. दुग्धोत्पादनक्षम अशी परिपक्वता गर्भधारणा व स्तन्यकाळात येते. विभाजनशील, अपरिपक्व पेशींवर झालेला आघात दीर्घकाळ सुप्त राहू शकतो. म्हणून गर्भावस्था, यौवनारंभ आणि रजोदर्शनापासून पहिल्या गर्भधारणेपर्यंतची वर्षे, हे तीन काळ विशेष नाजूक ठरतात.

याचा सर्वांत दुःखद पुरावा जपानने दिला. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबाँब पडले. त्यातून वाचलेल्यांची पाहणी अनेक दशके चालू आहे. ज्यांना २० वर्षांच्या आत किरणोत्सर्गाची बाधा झाली, त्या स्त्रियांत स्तनकर्करोगाची सापेक्ष वाढ सर्वाधिक आढळली. चाळिशीनंतर बाधा झालेल्यांत ती अल्प होती. बाँब पडला तेव्हा दहा वर्षांहून लहान असलेल्या मुलींत प्रारंभी काहीच दिसले नाही. त्या मुली हा रोग सामान्यतः होतो त्या वयाला पोहोचल्या, तेव्हा वाढ उघड झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात रजोदर्शनाच्या आगेमागे झालेली बाधा सर्वाधिक घातक दिसून आली.

युद्धाचे सोडा, उपचारानेही हेच घडले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, वाढलेल्या थायमस ग्रंथीचा उपाय म्हणून तान्ह्या बालकांच्या छातीवर क्ष-किरण सोडले जात. त्यांतील मुलींत पुढे प्रौढपणी स्तनकर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. मोठी थायमस ग्रंथी हा तान्ह्या वयाचा स्वभावच आहे, हे वैद्यकाला उशिरा उमगले. जो रोग नव्हताच, त्याच्या उपचाराने रोग निर्माण झाला.

डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉलची कथा याहून बोधप्रद आहे. गर्भपात टळावा म्हणून हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९४० च्या सुमारापासून अमेरिकेत गर्भिणींना दिले जाई. शिकागो येथील परीक्षणात ते निष्फळ ठरल्याचे १९५३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरी त्याचा वापर चालूच राहिला. अशा मातांच्या तरुण मुलींत योनीचा दुर्मीळ कर्करोग आढळल्यावर १९७१ मध्ये गर्भिणींना ते न देण्याचा इशारा निघाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या मुलींपैकी ३.९ टक्के स्त्रियांना चाळिशीनंतर स्तनाचा कर्करोग झाल्याचे दिसले. गर्भात हे औषध न मिळालेल्या स्त्रियांत तेच प्रमाण २.२ टक्के होते. औषध मातेने घेतले, परिणाम कन्येने भोगला.

कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ या काळात गर्भिणींचे रक्त जतन करण्यात आले होते. ज्या मातांच्या रक्तात डीडीटीच्या एका घटकाचे प्रमाण सर्वाधिक होते, त्यांच्या मुलींत ५२ वर्षे वयापर्यंत स्तनकर्करोगाचा धोका सुमारे पावणेचार पट असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. ही एका प्रदेशातील, मर्यादित रुग्णसंख्येची पाहणी आहे. तिच्यावरून सिद्धांत बांधू नये, पण तिची उपेक्षाही करू नये.

सर्वसामान्य मुलींच्या बाबतीत रजोदर्शनाचे वय महत्त्वाचे ठरते. सुश्रुतांनी ते बारावे वर्ष सांगितले आहे. ११७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार रजोदर्शन एक वर्ष लवकर आल्यास धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ लहान आहे, एवढ्यावरून कोणत्याही मातेला भिववू नये. एक विसंगतीही लक्षात ठेवावी. बालपणी स्थूल असलेल्या मुलींत पुढील धोका काहीसा कमीच आढळतो. रजोनिवृत्तीनंतरचे स्थौल्य मात्र तो वाढवते. शरीराचा हिशेब एकाच सूत्राने सुटत नाही. म्हणून मुलींना स्थूल करावे असे कोणी समजू नये. मधुमेह व हृद्रोगाचे बीज त्यातच असते.

आता आपल्या कर्तव्याविषयी. वरील उदाहरणांतील सर्वांत निश्चित पुरावा किरणोत्सर्गाचा आणि संप्रेरकांचा आहे, आणि त्यातील बराचसा चिकित्सकाच्याच हातून घडलेला आहे. म्हणून बाल आणि कौमार्यावस्थेतील चिकित्सेत संयम हाच पहिला धडा. आवश्यक तो क्ष-किरण तपास जरूर करावा, त्याची मात्रा अल्प असते. अनावश्यक सीटी तपासणीचा आग्रह मात्र धरू नये. बालपणी हॉजकिन लिम्फोमासाठी छातीवर किरणोपचार झालेली तरुणी पुढे थकवा वा वंध्यत्वाची तक्रार घेऊन आपल्याकडे येऊ शकते. तिला वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून, किंवा उपचारानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, प्रतिवर्षी स्तनतपासणीची गरज असते. हे तिला कोणी सांगितले नसेल, तर आपण सांगावे. आठ वर्षांच्या आत स्तनवृद्धी दिसल्यास घरगुती उपायांत काळ न घालवता बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालयांच्या चालकांना आमची विशेष विनंती आहे. मुलींची उंची अथवा स्तनांची ठेवण सुधारण्याची आश्वासने देणारी उत्पादने दुकानात येतच असतात. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाबरोबर स्तनांची ठेवण आणि शरीराची उंची या दोहोंचाही समावेश आहे. घटकद्रव्ये अज्ञात असलेले कोणतेही द्रव्य वाढत्या मुलीच्या हाती देऊ नये. संप्रेरकयुक्त गोळ्या चिकित्सकाच्या पत्राविना तर मुळीच नाही.

स्तनात गाठ आढळल्यास लेप देऊन वाट पाहणे हा अक्षम्य विलंब होय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून चालविलेल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या परीक्षणात प्रशिक्षित कार्यकर्तींनी हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. उपकरण काय, तर शिकवलेला हात. तो आपल्यापाशी आहे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. बालपणातील हेतू कोणत्याही स्त्रीने स्वतः निवडलेले नसतात. हे प्रश्न विचारताना रुग्णेला वा तिच्या मातेला दोष लागेल असा स्वर नसावा. पूर्ववृत्त विचारायचे ते पुढील तपासणीची दिशा ठरविण्यासाठी आणि आज आपल्या दालनात आईचा हात धरून आलेल्या मुलीला जपण्यासाठी.