चिखलाची खातेवही

मुलाने इंजिनिअर व्हायचे ठरवले, की घरात कौतुक होते. मुलगी ‘पाणथळीतल्या चिखलावर पीएच.डी. करणार’ म्हणाली, की सगळे गप्प होतात. ‘पोटापाण्याचे काय?’ हा आई-वडिलांचा प्रश्न रास्तच आहे. पण त्या चिखलात काय दडले आहे, हेही एकदा पाहावे.

माझी नोकरी बँकेत झाली. त्यामुळे मला पाणथळ खातेवहीसारखी दिसते. शेतातले खत आणि गावाचे सांडपाणी यांतून नत्र व स्फुरद तिथे जमा होतात. नत्राचे खाते मिटू शकते. हवा न पोचणाऱ्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचा वायू करतात आणि तो आभाळात निघून जातो. स्फुरदाला ही वाट नाही. तो गाळातल्या लोहाला धरून मुदत ठेवीसारखा पडून राहतो. तळाचा प्राणवायू संपला, की ही ठेव मोडते, स्फुरद पुन्हा पाण्यात येतो आणि शेवाळ माजते.

हा हिशेब एका मोसमात लागत नाही, आणि तो न मांडता घेतलेला निर्णय किती महाग पडतो, हे राजस्थानातल्या भरतपूरने दाखवले. तिथल्या केवलादेव पक्षी-उद्यानात १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला. गोळीबारात माणसे गेली. पुढे घडले ते उलटेच. म्हशी थांबल्या, पाण्यातले गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला अभ्यास १९८० ते १९९० असा दहा वर्षे चालला. बंदीपूर्वीच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच नंतरचा फरक दाखवता आला. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल, तर ताळेबंद कसा मांडणार?

आपल्याकडे निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्राचे पहिले रामसर क्षेत्र. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे गाळ साठला, पाणी उथळ झाले, पक्षी आले. भोवती ऊस आणि द्राक्षांची शेती. त्या शेतांतले किती खत पाण्यात उतरते, किती गाळात राहते, हे वर्षानुवर्षे मोजत राहणे हेच तरुण संशोधकाचे काम.

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून यूजीसी वा सीएसआयआरच्या नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवता येते. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७ हजार रुपये आहे. ती पुढे वरिष्ठ शिष्यवृत्ती होते आणि एकूण पाच वर्षांपर्यंत चालू शकते. त्याआधारे विद्यापीठात किंवा नागपूरच्या ‘नीरी’सारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत मार्गदर्शकाकडे नाव नोंदवावे.

पाच वर्षांनी नोकरीची हमी मिळेल, असे मी म्हणणार नाही. पण उद्या एखाद्या तळ्याबद्दल, त्याच्या काठच्या माणसांबद्दल निर्णय घ्यायची वेळ येईल, तेव्हा कुणाच्या तरी वहीत खरे आकडे असायला हवेत. ती वही आपल्या मुलीची असेल, तर तिला अडवू नका.