जुना संगणक : ठेवावा की बदलावा?

घरातली एखादी वस्तू जुनी झाली म्हणजे दोन तऱ्हेचे सल्लागार पुढे येतात. एक म्हणतो, जुने ते सोने. दुसरा म्हणतो, भंगारात घाला. टेबलावरच्या संगणकाच्या बाबतीत हे दोघेही सारखेच चुकतात. दोघेही यंत्राचे वय विचारतात. त्याचे काम नेमके कोठे अडते, हे कोणीच विचारीत नाही. श्रोतेहो, आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे की, संगणक बदलण्याचे कारण त्याचे वय नव्हे. त्याच्यावर अडलेले काम हे कारण होय.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गावच्या वाचनालयाचे अहवाल यांची अक्षरजुळणी करून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांचा संगणक २०१६ सालचा. २०२५ च्या पावसाळ्यात तो इतका मंदावला की, सकाळी कळ दाबून चहा घेऊन यावे तरी पडद्यावर काम सुरू झालेले नसे. दुकानदाराने त्यांना नव्या यंत्राचा आकडा सांगितला. मुलीच्या महाविद्यालयाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडावे की काय, हे विचारण्यास ते माझ्याकडे आले.

नऊ वर्षांचे यंत्र म्हणजे म्हातारे यंत्र, ही समजूत कोठून आली ते आधी पाहू. एके काळी ती खरी होती. १९९३ साली पेंटियम हा प्रोसेसर आला तेव्हा त्याची गती ६६ मेगाहर्ट्झपर्यंत होती. २००२ च्या अखेरीस ही गती ३,००० मेगाहर्ट्झच्या पुढे गेली. नऊ वर्षांत पंचेचाळीस पट! त्या दिवसांत तीन वर्षांपूर्वीचे यंत्र खरोखरच मागे पडे. परंतु पुढे उष्णता आडवी आली. गती वाढवावी तसा प्रोसेसर तापू लागला, आणि गतीचा आकडा जवळजवळ तेथेच रेंगाळला. त्यानंतरची प्रगती मुख्यतः एका प्रोसेसरात अनेक गाभे बसवून आणि प्रत्येक ठोक्यात अधिक काम उरकून झाली. ती मोठी आहे. पण पत्रिका जुळविणाऱ्याला ती पूर्वीसारखी जाणवत नाही. म्हणून नऊ वर्षे हा आकडा आज एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही.

मग यंत्र मंदावते कशाने? छापखान्याचे उदाहरण घ्या. जुळारी खिळे जुळवितो, तो प्रोसेसर. त्याच्या पुढ्यातले टेबल म्हणजे मेमरी. मागच्या खोलीतले कपाट म्हणजे हार्ड डिस्क. टेबल लहान असले की, जुळाऱ्याला दर घटकेला उठून कपाटाकडे जावे लागते. जुळारी कितीही चपळ असो, त्याचा दिवस येरझाऱ्यांतच जातो.

ही येरझार किती महाग असते पाहा. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, आणि ते टोक जागेवर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या वाचनास अशी बारा-तेरा मिलिसेकंदे जातात. सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचने झाली की तिची मजल संपली. उलट, एसएसडी या साठवणीत फिरणारा भागच नसतो. तेथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहूनही लवकर होते.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी मोजावे. विंडोज असलेल्या संगणकात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून त्याकडे पाहावे. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरावर चिकटलेली असेल, तर टेबल लहान पडते आहे. डिस्क शंभरावर, पण मेमरी मोकळी असेल, तर कपाट संथ आहे. दोन्ही निवांत आणि प्रोसेसर सतत पूर्ण भरलेला असेल, तरच दोष जुळाऱ्याचा. तेव्हाही आधी पेटी उघडून पंख्यावरची धूळ झाडावी. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करतो.

यामागचे गणित जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडले. समजा, एका कामाला साठ सेकंद लागतात. त्यांपैकी अठ्ठेचाळीस डिस्कची वाट पाहण्यात जातात व बारा प्रोसेसरच्या कामात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर सहाच सेकंद वाचतात. डिस्कची वाट दहापटीने कमी केली तर तेच काम सुमारे सतरा सेकंदांत होते. जो भाग वेळ खातो तो सुधारावा. इतरत्र ओतलेला पैसा व्यर्थ जातो. शिवाय प्रोसेसर बदलायचा तर बहुधा मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि डीडीआर-३ मेमरी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नसल्यामुळे मेमरीही नवी घ्यावी लागते. मग चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. हिशेब तेथवर गेला की नवे यंत्र घेणेच शहाणपणाचे.

आमच्या गृहस्थांच्या यंत्रात मेमरी चार गिगाबाइट होती व डिस्क कायम शंभरावर. उत्तर सापडले असे मला वाटले. तथापि कान देऊन ऐकले तेव्हा डिस्कमधून मधूनमधून टक् टक् असा आवाज येत होता. डिस्क खराब होऊ लागली की एकच जागा ती पुनःपुन्हा वाचून पाहते. तो मंदपणा म्हणजे म्हातारपण नव्हे, ती धोक्याची सूचना असते. बाकीचे सारे सोडून आम्ही त्याच संध्याकाळी प्रती काढावयास बसलो. बहुतेक सारे निघाले. वाचनालयाच्या दोन जुन्या अहवालांच्या फाइली मात्र कायमच्या गेल्या. वेगाची चर्चा करण्यात आम्ही आठवडा घालविला नसता, तर कदाचित त्याही वाचल्या असत्या. ही चूक त्यांची नव्हे, माझी. यंत्र विकत मिळते, त्यातला मजकूर मिळत नाही. म्हणून कोणत्याही निर्णयाआधी प्रत काढावी.

पुढे त्यांनी एसएसडी बसविली, मेमरी आठ गिगाबाइट केली, आणि यंत्र पुन्हा कामाचे झाले. फीचे पैसे मोडावे लागले नाहीत.

परंतु कथा येथे संपत नाही. काम वेगाने होणे आणि ते निर्धास्तपणे होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे बहुतांशी २०१७ पासूनचेच प्रोसेसर तिच्या यादीत आहेत. म्हणजे धडधाकट यंत्रही केवळ कुलूप जुने झाल्यामुळे बँकेच्या व्यवहाराला अयोग्य ठरू शकते. अशा वेळी लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालता येते. किंवा जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवता येते.

त्या गृहस्थांनी हाच दुसरा मार्ग धरला. जुन्या फॉंटांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो फॉंट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा जुन्या यंत्रावर बसून ते एकेक फाइल युनिकोडमध्ये आणीत आहेत. बँक व कर यांची कामे तूर्त मुलीच्या लॅपटॉपवर होतात. नवे यंत्र ते घेतील, पण स्वतःच्या सोयीने, पैसे साठवून.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवावा : प्रथम प्रत, मग धूळ, मग मोजणी, नंतर मेमरी व एसएसडी, शेवटी सुरक्षेची मुदत. एवढे करूनही काम अडत असेल, तर जुन्या यंत्राला खुशाल निरोप द्यावा. मात्र त्याची डिस्क पुसावी, आणि ते कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पोचवावे.